टिश्यू बँकेत नवीन लागलात? आधी घड्याळ बघायला शिका

आमच्याकडे दर सहा-आठ महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं. बीएस्सी मायक्रो नाहीतर बायोटेक झालेलं, कधी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलेलं, हातात सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आणि डोक्यात असं की आपण आता कॅन्सरवर रिसर्च करणार. आणि पहिल्याच सकाळी त्याला ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराबाहेर स्टुलावर बसवतात, मांडीवर बर्फाचा डबा देतात आणि सांगतात, स्पेसिमेन (ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ) आला की पळायचं. बस. तोंड एवढंसं होतं बिचाऱ्याचं. दरवेळी तेच ते सांगून माझा घसा बसतो म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढू. मी पण त्याच स्टुलावरून सुरुवात केली, आता कोऑर्डिनेटर आहे, त्यामुळे यात मोठं सायन्स शोधू नका, काम कसं करायचं तेवढंच आहे.

आधी घरच्यांना नीट सांगा

मी "बँकेत लागले" म्हटलं तर आत्या म्हणाली, मग आमच्या लोनचं बघ जरा. हसू नका, हॉस्पिटलातल्या लोकांचाही घोळ होतो, कारण टिश्यू बँक या नावाच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एका बँकेत दान केलेलं हाड, किंवा बाळंतपणात वारेबरोबर येणारं पातळ आवरण, हे साफ करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात आणि परत पेशंटलाच वापरतात, भाजलेल्या जखमेवर लावायला, हाडातली पोकळी भरायला वगैरे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अशी बँक १९८८ पासून आहे. दुसरी ती आपली, गाठींची. आपल्याकडून काहीही परत कोणाच्या अंगात जात नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीतला, रिपोर्टसाठी लागणारं सगळं घेऊन झाल्यावर उरलेला तुकडा, त्याच पेशंटचा शेजारचा चांगला भाग आणि थोडं रक्त, एवढं गोठवून ठेवायचं आणि पुढे संशोधकांना द्यायचं. टाटामध्येच आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या मदतीची ट्यूमर टिश्यू रिपॉझिटरी आहे, चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये नॅशनल कॅन्सर टिश्यू बायोबँक आहे, बाकी छोट्या-मोठ्या खूप, कुठे अख्खा मजला तर कुठे पॅथॉलॉजीच्या मागच्या खोलीत दोन फ्रीजर. मी कुठे आहे ते सोडा, काम सगळीकडे सारखंच.

कोण कोण आहे ते ओळखून घ्या

भिंतीवरच्या चार्टमध्ये सगळ्यात वर सर किंवा मॅडम, बहुतेक पॅथॉलॉजीचे, मग क्युरेटर, मग कोऑर्डिनेटर, टेक्निशियन, काउन्सेलर, डेटा एन्ट्री. हा चार्ट पाठ करू नका, तो इन्स्पेक्शनसाठी आहे. खरा चार्ट मामांपासून सुरू होतो. ओटीतून पॅथॉलॉजीपर्यंत स्पेसिमेन आणतात ते मामा. ते चहाला थांबले, लिफ्ट चुकली, वाटेत कोणी एक्स-रेला पेशंट न्यायला सांगितलं, की तुमच्या सॅम्पलची वाट लागली आणि तुम्हाला कळलं पण नाही. दुसऱ्या नंबरवर ओटीच्या सिस्टर. त्यांना वर्षानुवर्षांची सवय, गाठ निघाली की फॉर्मॅलिनच्या, म्हणजे ती टिकवायच्या औषधाच्या, डब्यात टाकायची, आणि ती सवय बरोबरच आहे कारण रिपोर्टसाठी तेच लागतं. पण आपल्याला तुकडा ताजा हवा. एकदा फॉर्मॅलिनमध्ये बुडाला की गोठवायला उपयोग शून्य. त्यामुळे ज्या केसची परवानगी आहे तिथे सिस्टरना सकाळीच सांगायचं, लेखी पण आणि तोंडी पण, आणि ड्युटी बदलली की परत सांगायचं.

मग ग्रॉसिंगचे, म्हणजे आलेली गाठ बघून कापतात त्या टेबलावरचे, रेसिडेंट डॉक्टर, जे आपल्याला तुकडा कापून देतात. दोन रात्री झोपलेले नसतात, त्यांच्याशी वाद घालू नका. बायोमेडिकल इंजिनिअर, ज्यांचा फोन फ्रीजर बिघडल्यावर लागत नाही. सॅम्पल गोठवायला लागणारा नायट्रोजन आणणारा ड्रायव्हर. आणि रात्रीचा सिक्युरिटी गार्ड, याच्याबद्दल शेवटी सांगते. पहिल्या आठवड्यात काही जमलं नाही तरी चालेल पण या सगळ्यांचे नंबर मोबाईलमध्ये पाहिजेत, आणि त्यांच्याकडे तुमचा.

परवानगीचा कागद

परवानगी ऑपरेशनच्या आधी घ्यायची, शक्यतो आदल्या दिवशी किंवा ओपीडीतच. स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाकडून ओटीच्या दारात सही घेणं ही परवानगी नव्हे, ती पळवाट आहे. आयसीएमआरची २०१७ची नियमावली आहे, त्यात सॅम्पल साठवण्यावर वेगळा भाग आहे, तो एकदा बसून वाचा, एथिक्स कमिटी कशासाठी असते ते त्यातून नीट समजतं.

पेशंट आणि नातेवाईक विचारतात ते प्रश्न मात्र कुठल्याच नियमावलीत या शब्दांत नाहीत. तुकडा विकणार का? याचे पैसे आम्हाला लागणार का? तपासणीला कमी नाही ना पडणार? आणि सगळ्यात अवघड, याने आमच्या माणसाला फायदा काय? शेवटच्याचं उत्तर खरं द्यायचं. म्हणायचं, काकू, यातून तुम्हाला लगेच काही मिळणार नाही, मिळालं तर पुढच्या पेशंटला मिळेल. नवीन काउन्सेलरला हे बोलायला जड जातं, तो काहीतरी गोड बोलतो आणि मग तीन महिन्यांनी नातेवाईक विचारायला येतात की ते संशोधनवाल्यांचं औषध आलं का. नाही म्हटलं तर उपचारात काहीच फरक पडत नाही, हेही तेवढंच स्पष्ट सांगायचं, आणि दिलेली परवानगी नंतर मागे घेता येते हेही.

मुंबईत पेशंट बिहार, यूपी, बंगाल कुठूनही येतो, त्यामुळे फॉर्म त्याच्या भाषेत पाहिजे. वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदार असा पाहिजे जो आपल्या टीममधला नाही. तुम्हीच समजावलं आणि तुम्हीच साक्षीदार झालात तर ऑडिटमध्ये तो फॉर्म बाद. लहान मुलाची केस असेल तर आईवडिलांची सही लागतेच, पण समजण्याइतपत मोठं मूल असेल तर त्यालाही विचारायचं. एक सात-आठ वर्षांचा पोरगा मला म्हणाला होता, घे, पण परत आणून दे. त्याला समजावताना माझी फेफे उडाली.

लिस्ट, स्टूल आणि घड्याळ

संध्याकाळी उद्याची ओटी लिस्ट घ्यायची, परवानगी झालेल्या केसेसवर खूण करायची, आणि लेबलं आदल्या दिवशीच प्रिंट करून ठेवायची. सकाळी बर्फ, गॉज, निर्जंतुक डबे, ट्यूब, घड्याळ. मोबाईलचं नाही, भिंतीवरचं किंवा मनगटावरचं, आणि ते ओटीतल्या घड्याळाशी जुळवून घेतलेलं. आमच्याकडे ओटीचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं आणि ते कळायला वर्ष गेलं, सोडा.

दोन वेळा महत्त्वाच्या असतात. सर्जनने गाठीचा रक्तपुरवठा बांधला ती वेळ, आणि गाठ शरीरातून बाहेर आली ती वेळ. पहिल्यापासून दुसरीपर्यंतचा काळ आपल्या हातात नाही, तो सर्जनचा. बाहेर आल्यापासून गोठेपर्यंतचा आपला. हा अर्ध्या तासाच्या आत बसवायचा प्रयत्न करायचा. गाठ सलाईनमध्ये बुडवून आणायची नाही, कोरड्या डब्यात किंवा किंचित ओल्या गॉजमध्ये, डबा बर्फावर. गाठ बर्फात नाही, डबा बर्फात, हे मी दर बॅचला सांगते आणि दर बॅचमध्ये एक जण गाठच बर्फात ठेवतो.

आता वेळ खरी का लिहायची ते सांगते, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलेय. नोकरीचे पहिले दोन-तीन महिने झाले होते. गाठ आणणाऱ्या मामांची लिफ्ट मध्येच बंद पडली, गाठ हातात यायला जवळजवळ तास गेला. सर ओरडतील या भीतीने मी फॉर्मवर २५ मिनिटं लिहिलं. कोणाला कळणार होतं? पुढे वर्षभराने एका संशोधकाने सॅम्पल नेलं, त्यातला आरएनए तपासला आणि त्याला दिसलं की ऑक्सिजन कमी पडल्यावर पेशी जे जीन्स चालू करतात ते या गाठीत भलतेच चढलेत. तो बिचारा खूश, त्याला वाटलं हे या गाठीचंच वैशिष्ट्य आहे. ते वैशिष्ट्य लिफ्टचं होतं. सरांना शंका आली, त्यांनी ओटीचं रजिस्टर आणि ग्रॉसिंगचं रजिस्टर शेजारी शेजारी उघडलं. गाठ बाहेर आली ११:४०ला, मी गोठवलं म्हणून लिहिलेलं १२:०५ला, आणि ग्रॉसिंग टेबलवर ती पोचली होती १२:३५ला. म्हणजे माझ्या हिशोबाने मी गाठ यायच्या आधीच गोठवली होती.

सर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी माझ्या हातच्या त्या तीन महिन्यांच्या प्रत्येक नोंदीपुढे मलाच लिहायला लावलं, वेळ खात्रीची नाही. एकेक ओळ. त्यातल्या बाकीच्या बहुतेक नोंदी खऱ्या होत्या, पण आता ते कोण मानणार. तर उशीर झाला तर ७० मिनिटं लिहा, पुढे कारण लिहा, लिफ्ट बंद. असं सॅम्पल डीएनएच्या कामाला चालू शकतं, त्याचा वापर होतो. फक्त नेणाऱ्याला माहीत पाहिजे.

ग्रॉसिंग टेबलवर

इथे एकच नियम, रिपोर्ट आधी, बँक नंतर. गाठीच्या कडा, म्हणजे मार्जिन, यांना रेसिडेंट शाई लावून बघतात की कॅन्सर कडेपर्यंत पोचलाय का, त्यावर पुढचे उपचार ठरतात. त्या कडेला आपला चाकू लागता कामा नये. गाठ लहान असेल आणि सगळीच रिपोर्टला लागत असेल तर बँकेला काहीच मिळत नाही, हात हलवत परत यायचं. तुकडा कुठून घ्यायचा ते पॅथॉलॉजीचे डॉक्टर ठरवणार, तुम्ही नाही, कितीही अनुभव झाला तरी.

पण बघायला शिका. स्तनाची गाठ कापताना सुरीखाली करकर लागते, कच्चा पेरू कापल्यासारखी, आणि कापलेली बाजू करडी-पांढरी, शेजारची चरबी लोण्यासारखी पिवळी. गालाच्या आतली, गुटखा-तंबाखूवाली गाठ, आपल्याकडे या फार येतात, ती पांढरट आणि ठिसूळ, मध्ये जखम झालेली. मधोमधचा भाग पिवळसर, चिखलासारखा दिसला तर तिथल्या पेशी मेलेल्या असतात, तो घेऊन उपयोग नाही. जिवंत भाग बहुतेक कडेच्या बाजूला असतो पण मार्जिनला नाही, या दोन्हींच्या मधल्या पट्टीत. आणि चांगला भाग, म्हणजे नॉर्मल, तो गाठीपासून जमेल तेवढ्या लांबून घ्यायचा आणि आधी घ्यायचा, नाहीतर गाठीची सुरी नॉर्मलला लागते. सुरी बदला. ब्लेड स्वस्त आहे.

बाकीची गाठ फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन. मोठी असेल तर काप देऊन, नाहीतर बाहेरून टिकते आणि आतून सडते. स्तनाच्या केसमध्ये हे अजून जपायचं, कारण हार्मोन रिसेप्टरची तपासणी, म्हणजे हार्मोनची औषधं लागू पडतील का ते, याच गाठीच्या मेणात बसवलेल्या तुकड्यावर (ब्लॉकवर) होते, गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवी. तुम्ही बँकेसाठी टेबल अडवून बसलात आणि त्यापायी पेशंटचा रिपोर्ट चुकला तर सॅम्पल घालायचंय कुठे?

गोठवणं

तुकडे मटारएवढे किंवा त्याहून लहान. मोठा तुकडा आतपर्यंत पटकन गोठत नाही, आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात, नंतर स्लाइड बघितली की जाळीदार भोकं दिसतात. दोन पद्धती आहेत. एक, तुकडा क्रायोवायलमध्ये, म्हणजे गारठ्याला टिकणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत, घालून झाकण घट्ट करून सरळ लिक्विड नायट्रोजनमध्ये, मायनस १९६ अंश. आधी जोरात उकळल्यासारखा आवाज येतो, चर्रर्र, तो थांबला की गोठलं. दुसरी पद्धत स्लाइडसाठी चांगली, तुकडा छोट्या साच्यात ओसीटी नावाच्या डिंकासारख्या पदार्थात बसवायचा आणि नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेंटेन नावाच्या द्रवात धरायचा. आयसोपेंटेन तयार झालं कसं ओळखायचं तर भांड्याच्या तळाशी साबुदाण्यासारखे पांढरे दाणे जमायला लागतात, तेव्हा. ओसीटी पारदर्शक असतं ते कडेकडून दुधी होत मध्यापर्यंत येतं. सगळं पांढरं झालं की लगेच काढा. आयसोपेंटेन भयंकर ज्वालाग्राही असतं, जवळ बर्नर वगैरे काही नको.

रक्ताचं थोडक्यात. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करायची, ताक घुसळल्यासारखी नाही. त्याच दिवशी, जमलं तर दोन तासांत, सेंट्रीफ्यूज, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून थर वेगळे करायचे. वरचा प्लाझ्मा छोट्या छोट्या वायलमध्ये वाटून ठेवायचा म्हणजे दरवेळी सगळं वितळवावं लागत नाही, मधला पांढरा पातळ थर डीएनएसाठी. तो काढायला हात बसायला महिना लागतो, घाबरू नका.

लेबल, म्हणजे सॅम्पलचा जीव

मी आधी जिथे होते तिथे कोणीतरी पैसे वाचवायला साधी मास्किंग टेप लावून पेनाने नंबर लिहिले होते. नायट्रोजनच्या टाकीतून रॅक वर काढला तर टेपचे तुकडे तळाला गोळा झालेले, पिकलेल्या पानांसारखे, आणि वायल सगळ्या एकसारख्या, कोऱ्या. कोणाचं काय ते देव जाणे. सगळ्या पिवळ्या पिशवीत, म्हणजे हॉस्पिटलच्या कचऱ्यात, टाकाव्या लागल्या. त्या लोकांनी सही केली होती, विश्वासाने दिलं होतं, आणि आपण टेपपायी घालवलं. तर लेबल नायट्रोजनला टिकणारंच घ्या, बारकोड असलेलं, आणि ते गोठवायच्या आधी कोरड्या वायलवर लावा. गार वायलवर दव धरतं आणि काहीच चिकटत नाही. पॅथॉलॉजीच्या कॅसेटवर, म्हणजे तुकडा ठेवायच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीवर, पेन्सिलनेच लिहायचं कारण साधी शाई अल्कोहोल आणि झायलीन या द्रवांमध्ये निघून जाते.

लेबलवर पेशंटचं नाव नाही, फक्त कोड. नाव आणि कोडची जोडी वेगळ्या ठिकाणी, पासवर्डखाली. एका लिस्टमध्ये दोन पाटील आले, दोघींची स्तनाची केस, दोघी साठीच्या आसपास, असं होतंच. म्हणून नावावरून कधीच सॅम्पल घ्यायचं नाही, हॉस्पिटल नंबरवरून घ्यायचं आणि तो मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि गाठीचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. शिकण्यासाठी पण नाही. बाजूला नंबर दिसतोच.

टाक्या, फ्रीजर आणि नायट्रोजनची खोली

मायनस ८०चा फ्रीजर आणि नायट्रोजनची टाकी, दोन्हीत सॅम्पल राहतं, जास्त वर्षांसाठी टाकी. बहुतेक ठिकाणी आता सॅम्पल द्रवात न बुडवता वरच्या वाफेत ठेवतात, कारण वायलमध्ये द्रव शिरला आणि ती बाहेर काढली की आतला नायट्रोजन फुगतो आणि वायल फटाक्यासारखी फुटते. म्हणून फेस शील्ड लागतेच. डब्यात ८१ किंवा १०० घरं असतात, प्रत्येक वायलचा पत्ता म्हणजे टाकी, रॅक, डबा, घर. एकाच पेशंटचे सगळे तुकडे एकाच टाकीत ठेवू नका, अर्धे दुसरीकडे, म्हणजे एक टाकी गेली तरी माणूस पूर्ण पुसला जात नाही.

या खोलीत एकट्याने जायचं नाही. द्रव नायट्रोजनची वाफ होते तेव्हा तो सुमारे ७०० पट जागा घेतो आणि हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो. वास येत नाही, गुदमरल्यासारखं पण होत नाही, माणूस सरळ खाली पडतो. भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म असतो, साधारण १९.५ टक्क्यांखाली गेलं की वाजतो. वाजला की बाहेर. आत कोणी पडलं असेल तरी धावत आत जायचं नाही, आधी मदत बोलवायची, कारण वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो. हातमोजे सैल पाहिजेत म्हणजे झटकून काढता येतात, पँट बुटाच्या बाहेरून, दुमडलेली नको, तिच्यात द्रव साठतो.

आणि लिफ्ट. भरलेलं नायट्रोजनचं भांडं लिफ्टमधून नेताना माणूस बरोबर जात नाही. खाली एक जण भांडं आत ठेवून बटण दाबतो, वर दुसरा उभा असतो, मध्ये कोणी शिरू नये म्हणून पाटी लावायची. आमचे लिफ्टमन काका पहिल्यांदा भांडलेच, माझी लिफ्ट सोडून मी का बाहेर जाऊ म्हणून. त्यांना चहा पाजून समजावलं, आता तेच दुसऱ्यांना बाहेर काढतात.

लाईट गेली तर मायनस ८० उघडून बघायचा नाही, भरलेला आणि बंद असेल तर काही तास निघतात. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती ते आठवत असेल, अशा वेळी नवीन लोक काळजीने दर दहा मिनिटांनी दार उघडतात आणि जनरेटर सुरू व्हायच्या आत आपणच फ्रीजर गरम करून ठेवतात. फ्रीजरच्या बाहेरच्या आकड्यावर पण विसंबू नका. अमेरिकेत मॅकलीन हॉस्पिटलच्या ब्रेन बँकेत २०१२ साली एक फ्रीजर बंद पडला, बाहेर मायनस ७९ दिसत होतं आणि आत शून्याच्या वर ७ अंश, अलार्म वाजलेच नाहीत, दीडशेच्या आसपास मेंदू खराब झाले, त्यात ऑटिझमच्या संशोधनासाठीचे बरेच होते. म्हणून आत तापमान मोजणारा वेगळा प्रोब हवा, आणि रोज दोनदा स्वतःच्या डोळ्याने बघून लिहायचं. बघून. कालचा आकडा उतरवून नाही. ज्या लॉगबुकमध्ये महिनाभर रोज मायनस ८० असा एकच आकडा आहे ते लॉगबुक खोटं आहे, खरा फ्रीजर एक-दोन अंश हलतोच.

क्वालिटी आणि डेटा

प्रत्येक गोठवलेल्या तुकड्याची एक स्लाइड काढून एच अँड ई हा पॅथॉलॉजीतला नेहमीचा रंग देऊन पॅथॉलॉजिस्टला दाखवायची. गाठ म्हणून ठेवलेल्या डब्यात कधी कधी नुसती चरबी निघते. अमेरिकेच्या टीसीजीए या कॅन्सरचे जीन्स तपासणाऱ्या मोठ्या प्रकल्पात तुकड्यात निदान ६० टक्के पेशी कॅन्सरच्या हव्यात आणि मेलेला भाग २० टक्क्यांपेक्षा कमी हवा अशी अट होती, बरेच संशोधक अजून असंच काहीतरी मागतात.

पण सॅम्पलची खरी किंमत पुढच्या माहितीत असते. पेशंटला कुठली औषधं दिली, गाठ परत आली का, आज कसा आहे. यासाठी फोन करावे लागतात आणि हे काम सगळे टाळतात. मी एकदा सांगलीकडच्या एका घरी फोन केला, नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतेय, काका कसे आहेत? पलीकडे सून होती. ती म्हणाली, ते गेले हो, श्रावणात. आणि मग तिनेच मला विचारलं, तुमच्याकडे त्यांचं काही ठेवलंय ना, ते अजून आहे का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, असू दे मग. फोन ठेवल्यावर फॉर्ममधल्या चौकोनात तारीख भरायची असते, ती भरली. हे फोन नवीन माणसाला पहिल्या महिन्यात देऊ नका असं मी सरांना सांगून ठेवलंय, आणि तुम्हाला दिले तर मेडिकल सोशल वर्करना शेजारी बसवून करा. आधी केस पेपर बघून घ्या, काही वेळा ती नोंद तिथेच असते आणि आपण उगाच घरच्यांच्या जखमेवर बोट ठेवतो.

सॅम्पल देताना

कोणी संशोधक ओळखीचा आहे म्हणून वायल मिळत नाही. अर्ज, एथिक्स कमिटीची मंजुरी, बँकेच्या कमिटीची मंजुरी, करारपत्र, मग सॅम्पल. परदेशात जाणार असेल तर सरकारी पातळीवरच्या मंजुरीचा अजून एक टप्पा. सॅम्पल विकत नाहीत, जपण्या-पाठवण्याचा खर्च घेतात, हा फरक नातेवाईकांनाही समजावता आला पाहिजे. मोठे डॉक्टर फोन करून म्हणतील, एक दोनच हवेत, पाठवून दे. अशा वेळी नम्रपणे म्हणायचं, सर, फॉर्म मेल करते. माझ्याकडे ते वाक्य टाइप करून तयारच आहे.

स्वतःची काळजी

लागल्या लागल्या हिपॅटायटिस बीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि नंतर अँटीबॉडी तपासून घ्या. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना लस कोण देणार यावर आमच्याकडे फाइल फिरत राहिली होती, तुम्ही फाइलची वाट बघू नका, मागे लागा. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत, प्रत्येक सॅम्पल संसर्गाचं आहे असंच धरायचं. सुई किंवा ब्लेड लागलं तर दाबून रक्त काढत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत जा, एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झालेली बरी, ७२ तासांनंतर उपयोग नसतो. लपवू नका. फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात ते सवयीने कमी वाटतं, पण त्रास कमी झालेला नसतो, पंखा चालू नसेल तर तक्रार करा.

सुट्ट्या

आता तो सिक्युरिटी गार्ड. २०२३च्या डिसेंबरमध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये ऐन नाताळच्या सुट्टीत १६ टाक्यांचा नायट्रोजन पुरवठा तुटला. टाक्या चार दिवस तग धरू शकत होत्या, गेले पाच. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटांची वर्षानुवर्षं जमवलेली सॅम्पल्स गेली. एवढ्या नावाजलेल्या संस्थेत. आपल्याकडे दिवाळी असते, गणपती असतात, आणि नायट्रोजनवाल्याचा ड्रायव्हर गावी गेलेला असतो. म्हणून धनत्रयोदशीच्या आधी टाक्या काठोकाठ भरून घ्यायच्या, जादा नायट्रोजनची ऑर्डर आठ दिवस आधी द्यायची, आणि सुट्टीत कोण कधी येणार त्याचा कागद नावांसकट दारावर लावायचा. काठी घालून पातळी मोजायची, काठीवर जिथपर्यंत हिम धरतं ती पातळी.

रात्री अलार्म वाजतो तेव्हा तिथे आपण नसतो, गार्ड असतो. त्याला जर कोणी सांगितलंच नसेल की हा आवाज कसला, तर तो आवाज बंद करायचं बटण शोधतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आमच्या गार्डला मी खोलीत नेऊन अलार्म वाजवून दाखवला, दार बाहेरूनच बघायचं, आत जायचं नाही हे सांगितलं, आणि तीन नंबर मोठ्या अक्षरात मराठी आणि हिंदीत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले. गार्ड बदलला की परत सगळं पहिल्यापासून. मागच्या पाडव्याला सकाळी सहाला त्याचा फोन आला, मॅडम, तुमचा फ्रीज ओरडतोय. फराळाचं ताट तसंच ठेवून निघाले, पोचले तर दाराचं रबर नीट बसलेलं नव्हतं, आदल्या दिवशी घाईत कोणीतरी लावलेलं. आतला प्रोब मायनस ६८. दार दाबून बंद केलं, तासभर खुर्ची टाकून बसले, आकडा मायनस ८०च्या खाली गेल्यावर लॉगबुकमध्ये लिहिलं, सकाळी ६:५०, मायनस ६८, दार उघडं, किती वेळ ते माहीत नाही.